‘राम श्याम गुणगान’ : युगुलगायनातील भक्तिभावाचे स्वरूप

प्रस्तावना : ध्वनिमुद्रिका व कॅसेट यांच्या प्रसारामुळे भक्तिसंगीत मंदिराच्या सभामंडपातून घराघरांत पोहोचले. या वाटचालीत १९८५ च्या ‘राम श्याम गुणगान’ या संग्रहाचे स्थान वेगळे आहे. पं. भीमसेन जोशी व लता मंगेशकर यांचे गायन आणि श्रीनिवास खळे यांचे संगीत असा योग त्यात जुळून आला. गीते हिंदी असली, तरी संतांच्या अभंगांना खळे यांनी दिलेल्या चाली या दोन्ही गायकांनी त्यापूर्वी स्वतंत्रपणे गायिल्या होत्या. त्या संस्कारावरच हा संग्रह उभा आहे.

विवेचन : सॅम मूर व डेव्ह प्रेटर या जोडीचा १९६६ मधील ‘होल्ड ऑन, आय ॲम कमिंग’ हा अमेरिकन ‘सोल’ संगीताचा गाजलेला संग्रह होय. एकाने हाक द्यावी व दुसऱ्याने साद द्यावी, ही कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनागृहातील पद्धत सोल गायकांनी लौकिक प्रेमगीतात आणली. येथे प्रवास उलट दिशेने घडतो. ख्यालाची मैफल आणि चित्रपटगीत या क्षेत्रांत सिद्ध झालेले दोन आवाज भजनाकडे वळतात.

स्त्री व पुरुष यांच्या स्वाभाविक पट्ट्या भिन्न असल्याने युगुलगीतात एकाला आपली सोयीची जागा सोडावी लागते. शिवाय भीमसेनांच्या आवाजातील आवेग आणि लताबाईंच्या आवाजातील रेखीवपणा हे परस्परविरोधी गुण. तरीही ‘बाजे मुरलिया बाजे’ सारख्या रचनेत ही गायकी जुगलबंदीचे रूप घेत नाही. किराणा घराण्याची स्वरनिष्ठा आणि लताबाईंची अचूक सुरेलता ही दोघांची समान भूमी ठरते.

या संग्रहाची मर्यादाही याच ठिकाणी दिसते. शिक्रापूरसारख्या गावातील भजनी मंडळात मुख्य गायकाने चरण म्हणावा व टाळकऱ्यांनी धृपद उचलावे, अशी रीत असते. तेथे चुकलेला सूरही सामावून घेतला जातो. ध्वनिमुद्रित भजनात मात्र गाणारे ठरलेले असतात आणि इतर सर्व श्रोते होतात. बांधीव चालीमुळे भीमसेनांच्या विस्तारशील गायकीलाही आवर बसतो.

निष्कर्ष : शास्त्रीय नव्हे म्हणून संगीताभ्यासकांनी आणि केवळ लोकप्रिय म्हणून साहित्याभ्यासकांनी अशा संग्रहांची उपेक्षा करणे योग्य नाही. गायकाने स्वतःचे सामर्थ्य आवरून दुसऱ्या आवाजाला वाव देणे, हेही भक्तीचेच एक अंग होय. समूहाचा सहभाग गमावूनही या संग्रहाने ते जपले, यातच त्याचे अभिजातपण आहे.