आठ दिवस झाकलेलं मडकं

अनशी ढाकाचा सण. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंनी आपल्या वल्हांडणाला दिलेलं हे जुनं नाव मी पहिल्यांदा वाचलं, तेव्हा ते मोठ्याने उच्चारून पाहिलं. लिहिणारे ते वेगवेगळ्या तऱ्हेने लिहितात, कुणी ‘अनाशी’ तर कुणी ‘ढाकायचा’. ढाकणे म्हणजे झाकणे, आणि अनशी म्हणजे आंबट कालवणाचं, आंबवणीचं भांडं. ते भांडं झाकून ठेवायचा सण. नावात मोशे नाही, फारो नाही, मिसर देशातली गुलामी नाही, दुभंगलेला समुद्रही नाही. आहे ते फक्त स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातलं एक मडकं आणि त्याच्यावरचं झाकण.

एखाद्या कवितेच्या शीर्षकाशी थांबावं तसं या नावाशी थांबावंसं वाटतं. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास 1897 साली लिहून पूर्ण केला. तो छापून यायला 1937 उजाडलं, तोही तेल अवीवमध्ये. त्यात हे आणि असेच इतर सण नोंदलेले आहेत : नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, होळीचा सण, बिरड्याचा सण. ही यादी वाचताना आपण कुठल्यातरी रायगडी आजीच्या तोंडून वर्षाचा हिशेब ऐकतो आहोत असंच वाटतं. समाजात चालत आलेली कथा अशी की, नौगावच्या किनाऱ्याजवळ एक गलबत फुटलं आणि त्यातून सात जोडपी वाचली. पोथ्या समुद्रात गेल्या. उरलं ते अंगात मुरलेलं : शनिवारी घाणा बंद ठेवायचा, मुलाची सुंता आठव्या दिवशी करायची, बिनखवल्याचा मासा घरात आणायचा नाही, आणि ‘शेमा इस्राएल’ या प्रार्थनेचे शब्द. शनिवारी तेल न गाळणारे म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. आणि चैत्राच्या पुनवेला आठ दिवस आंबट मडकं झाकायचं, हेही त्यांच्या हातांनी सोडलं नाही.

आता या नावातलं खरं मर्म. वल्हांडणात खमीर चालत नाही. मिसरमधून निघताना कणीक फुगायला वेळच नव्हता, म्हणून बेखमीर भाकर खायची, घरात खमिराचा कणही ठेवायचा नाही. हे ज्यूंचं जगभरचं व्रत. पण ते अलिबाग-रेवदंड्याच्या उन्हाळ्यात आणून ठेवा. कोकणात चैत्र लागला की हवाच आंबवते. रात्री भिजवलेलं पीठ पहाटेपर्यंत भांड्याबाहेर येतं, सकाळचं कालवण संध्याकाळी चव बदलतं, ताक दुपारपर्यंत जिभेला झोंबायला लागतं. थंड देशात खमीर मुद्दाम लावावं लागतं, इथे ते आपोआप होतं. ज्या दिवसांत सगळं आपसूक आंबतं, नेमक्या त्याच दिवसांत ‘आंबू द्यायचं नाही’ हा नेम पाळायचा, म्हणजे दर तासाला जागं राहायचं. मला वाटतं म्हणूनच कोकणातल्या बायकांनी सणाचं नाव त्या कष्टाच्या जागेवरून ठेवलं. कारण विसरलं असेल, कृती विसरली नाही. आणि कृतीच्या पोटात कारण जपलं गेलं. पुढे कुणीतरी येऊन कथा सांगितली तेव्हा ती ठेवायला घरात जागा तयारच होती.

सणाची तिथीही पाहण्यासारखी आहे. ज्यूंचं पंचांग आपल्यासारखंच चांद्रसौर. एकोणीस वर्षांत सात अधिक महिने घालून ते ऋतूंशी मेळ राखतं. त्यामुळे बहुतेक वर्षी त्यांचा पुरीम सण आणि होळी एकाच पुनवेच्या आगेमागे येतात, म्हणूनच पुरीमचं जुनं नाव ‘होळीचा सण’. त्याच्या पुढच्या पुनवेला वल्हांडण. 2024 साली 22 एप्रिलच्या संध्याकाळी वल्हांडण बसला आणि 23 एप्रिलला हनुमान जयंती होती. एका आळीत सुंठवडा वाटला जातो, दुसऱ्या आळीत बेखमीर भाकर मोडली जाते, आणि दोन्हीकडे चंद्र तोच. अलिबागला त्या दुसऱ्या आळीचं नावच ‘इस्रायल आळी’.

सणाची तयारी उन्हाळ्याच्या तोंडावर सुरू व्हायची. भिंतींना चुना, तांब्या-पितळेच्या भांड्यांना नवी कल्हई. कल्हईवाल्याच्या भात्याचा फुसफुस आवाज आणि नवसागराचा नाकात जाणारा धूर ज्यांनी लहानपणी अनुभवला आहे, त्यांना ही तयारी निराळी सांगायला नको. काळ्या मनुका भिजवून, कुस्करून त्यांचं सरबत करायचं, कारण कोकणात द्राक्षाचा रस कुठला? त्या सरबतावरच किद्दूश, म्हणजे पेल्यावरची प्रार्थना. खजूर उकळून, फडक्यातून पिळून, पुन्हा आटवून गडद पाक करायचा. मिसरमध्ये विटा थापताना कालवलेल्या चिखलाची ही आठवण, आणि ती गोड. कोकणातल्या काही घरांत बकऱ्याच्या रक्तात पंजा बुडवून त्याचा ठसा कागदावर उठवत आणि तो कागद दारावर लावत. ही गोष्ट वाचताना मला आपल्याकडच्या लग्नघरातले, वास्तुशांतीतले हळदी-कुंकवाचे थापे आठवले. मिसरमधल्या त्या रात्री दारावरच्या रक्ताची खूण पाहून पुढे जाणाऱ्या मृत्यूला ‘इथे थांबू नकोस’ असं सांगणारा पंजा कोकणात आला आणि त्याला इथल्या हातांचं वळण लाभलं.

मडक्यानंतर आला छापील कागद. या कागदाजवळ मी सगळ्यात जास्त रेंगाळतो. वल्हांडणाच्या रात्री घरोघर वाचायची पोथी म्हणजे हग्गादा. तिचं मराठी भाषांतर मुंबईत 1846 साली शिळाछापावर निघालं. त्याआधी 1832 मध्ये मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं होतं. कोचीनहून आलेले ज्यू शिक्षक, मिशनऱ्यांच्या शाळा आणि मुंबईचे छापखाने अशा तीन वाटांनी हरवलेली पोथी परत येत होती. मग 1874 साली पुण्यात एक सचित्र हग्गादा छापली गेली, हिब्रू आणि मराठी. तिच्यातलं बेखमीर भाकरी करण्याचं चित्र आज जगभरच्या हग्गादांच्या अभ्यासकांना ठाऊक आहे.

त्या चित्रातल्या बायका लुगडी नेसलेल्या आहेत. जमिनीवर बसून त्या भाकरीच्या कामात गुंतल्या आहेत. युरोपातल्या हग्गादांत याच प्रसंगाची चित्रं असतात, पण तिथे उभी मेजं असतात, उंच भट्ट्या असतात, डोक्यावर टोप्या घातलेले पुरुष असतात. पुण्याच्या चित्रकाराने ती मंडळी बाजूला सारून आपल्या आळीतल्या बायका बसवल्या. मिसरमधून कोण बाहेर पडलं, या प्रश्नाला त्या पानावर उत्तर आहे : या बाहेर पडल्या. हग्गादेचा आग्रहच असा असतो की प्रत्येक पिढीने आपण स्वतः त्या गुलामीतून सुटलो असं मानावं. तो आग्रह चित्रकाराने अक्षरशः पाळला. शिवाय त्याने कामातली खरी घाई ओळखली. पाणी पिठाला लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आत भाकर भाजून निघायला हवी, नाहीतर ती खमिराची ठरते. एकट्या बाईला हे जमत नाही. एकीने पाणी घालायचं, एकीने मळायचं, दोघींनी लाटायचं, एकीने टोचे मारायचे, एकीने तव्याशी बसायचं. म्हणून हे काम घरापेक्षा समाजाचं. चार घरच्या बायका एकत्र आल्याशिवाय वल्हांडण उभाच राहत नाही. चैत्रातल्या उकाड्यात, चुलीसमोर, घड्याळावर नजर ठेवून हातांनी केलेली ही सामुदायिक प्रार्थनाच आहे. पुरुषांची प्रार्थना मशिदीत दहा जण जमल्यावर सुरू होते, बायकांची इथे.

हो, मशीद. बेने इस्रायली आपल्या सिनेगॉगला मशीदच म्हणत आले. समुएल इझेकिएल दिवेकर म्हणजे सामाजी हसाजी. ते कंपनीच्या फौजेत होते, टिपूच्या कैदेत पडले, सुटून आले आणि त्यांनी 1796 साली मुंबईत मांडवीला शहरातली पहिली मशीद बांधली. तिचं नाव शाआर हारहमीम, म्हणजे दयेचं दार. जवळच्या रेल्वे स्टेशनाला ‘मस्जिद’ हे नाव पडलं ते या मशिदीवरूनच, असं सांगतात. लोकलने रोज जाणाऱ्या लाखो माणसांच्या तोंडात या मशिदीचं नाव आहे. पुढे कोकणात आणि आसपास मशिदी उभ्या राहिल्या : पनवेल, पेण, रेवदंडा, ठाणे. अलिबागची मागेन अबोथ 1848 मधली, 1910 मध्ये नव्याने बांधलेली.

उन्हाळ्यात या मशिदींत शिरावं ते संध्याकाळी. बाहेर रस्ता तापलेला, आत उंच छत, मधोमध कठड्याने वेढलेला तेबा. त्यावर उभं राहून पोथी वाचतात. भिंतीत हेखाल, म्हणजे तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवायचं कपाट, त्याला पडदा. वर स्त्रियांची माडी. एका बाजूला एलियाहू हन्नबीची, म्हणजे एलिया संदेष्ट्याची, खुर्ची, रिकामी. सुंतेच्या वेळी बाळ तिच्यावर ठेवतात. मे महिन्यात अलिबागला सूर्य सातनंतर बुडतो, त्यामुळे शब्बाथची, शनिवारच्या विश्रामाची, सुरुवातही उशिरा. प्रार्थना संपली की सगळ्यात सुंदर गोष्ट घडते. थोरामोठ्यांच्या हातांना दोन्ही हातांनी स्पर्श करायचा आणि ती बोटं आपल्या ओठांना लावायची. मग तो स्पर्श पुढच्या माणसाला द्यायचा, पुढच्याने त्याच्या पुढच्याला. याला हातबोसी म्हणतात. घामेजलेल्या तळव्यांतून शांती सबंध सभेत फिरते. पाया पडणं आणि गळाभेट या दोन्हींच्या मधला हा नमस्कार मला फार आवडतो. त्यात आदर आहे आणि बरोबरीही.

वल्हांडणाच्या दुसऱ्या रात्रीपासून एकोणपन्नास रात्री मोजायच्या असतात. आज पहिला, आज दुसरा, आज आठवडा झाला असं दर रात्री उच्चारून, थेट शावुओतच्या सणापर्यंत. म्हणजे एप्रिलपासून जूनच्या आसपासपर्यंत, आंब्याला मोहोरानंतरची कैरी येते तिथपासून पहिल्या वळवापर्यंत. पण आज कोकणात याहून अवघड मोजणी दुसरीच आहे : दहाची. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात वीस हजारांच्या आसपास बेने इस्रायली होते. बहुतेक इस्रायलला गेले, आता उरले चार-पाच हजार, तेही बहुतांश मुंबई-ठाण्यात. सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. ज्यू परंपरेत माणसं आकड्याने मोजत नाहीत. दहा शब्दांचं एक वचन म्हणत एकेकाला एकेक शब्द देतात. शब्द उरला की कळतं, कुणीतरी कमी आहे. उन्हाळ्यात परगावची मंडळी गावी येतात, इस्रायलहून नातवंडं आजोळ पाहायला येतात, आणि काही संध्याकाळी वचन पूर्ण होतं. त्या शेवटच्या शब्दाची वाट पाहणारी शांतता एकदा मी अनुभवली आहे. मी त्या दहांत मोजला जाणारा नव्हतो, तरी दाराकडेच पाहत होतो.

उन्हाळ्यातला दुसरा घरगुती आनंद म्हणजे मलिदा. परीक्षेचा निकाल लागला, नवं घर झालं, परदेशातून कुणी सुखरूप आलं, नवस फेडायचा राहिला होता, की एलियाहू हन्नबीच्या नावाने मलिद्याचं ताट मांडायचं. मी पाहिलेलं ताट असं : भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, बदाम, मनुका, वर गुलाबाच्या पाकळ्या, भोवती फळं मांडलेली. हिब्रू स्तोत्र झालं, मनुकांच्या सरबताचा पेला फिरला, मग ताटाशी बसलेल्या आजीने माझ्या ओंजळीत घास घातला आणि म्हणाली, “घे बाळा, प्रसादच आहे.” घास तोंडात गेल्यावर आधी खोबरं लागतं, मग पोह्यांचा मऊपणा, शेवटी वेलची. स्तोत्र मला कळलं नव्हतं, ‘घे बाळा’ कळलं. याच समाजाने 1880 च्या सुमारास हिंदू कीर्तनकारांना ऐकून स्वतःची कीर्तनं रचली, मोशेची, एस्तेरची, अब्राहामाची, मराठी साक्या-दिंड्यांत. ती भाषांतरं नव्हेत. घरचं बोलणं चालीवर चढवलेलं आहे.

बेने इस्रायलींच्या या उन्हाळ्यामागून येतो तो बिरड्याचा सण. अव महिन्याची नवमी बहुधा आपल्या आषाढ-श्रावणात येते. यरुशलेमचं मंदिर दोनदा पडलं, त्याचा हा शोक. पहिले नऊ दिवस मांस वर्ज्य, नवमीला उपास. मशिदीत दिवे मंद करून, जमिनीवर बसून विलापगीत वाचतात. पण नाव पुन्हा स्वयंपाकघरातून आलेलं. वाल भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणून मग सोलायचे. कडवे वाल सोलणं हे किती चिवट काम आहे ते कोकणी माणसाला माहीत आहे. कोमट पाण्यात एकेक दाणा चिमटीत धरायचा, दाबायचा, की तो सालीतून सुळकन निसटतो आणि बोटांना वालाचा उग्र वास राहतो. हजारो वर्षांपूर्वी पडलेल्या मंदिरासाठी कोकणातली बाई दाणा दाणा सोलत बसते. बाहेर पाऊस कौलांवर धरलेला असतो. तिच्या एका बाजूला सोललेल्या वालांचं पातेलं भरत जातं, दुसऱ्या बाजूला सालींची परात. अनशीचं मडकं आता उघडं आहे. चिंचेचा कोळ त्यातूनच घ्यायचा आहे.