मिय्यीच्या भिंतीवरची वेल

कवीने आपल्या बालपणीच्या घराचे वर्णन करताना, जे त्या घराला नव्हतेच असे काही लिहिले, तर त्याला काय म्हणावे? कल्पनाविलास म्हणून सोडून द्यावे, की खोटेपणा म्हणून दोष लावावा? आल्फोंस द लामार्तीन या फ्रेंच कवीच्या बाबतीत हा प्रश्न त्याच्या टीकाकारांच्या आधी त्याच्या आईला पडला, आणि तिने तो आपल्या पद्धतीने सोडवलाही.

लामार्तीन १८२७ च्या सुमारास फ्लॉरेन्स येथे फ्रान्सच्या वकिलातीत अधिकारी होता. इटलीचे आकाश, संगमरवर आणि सरोवरे भोवती असताना त्याला आठवण झाली ती बर्गंडीच्या दक्षिणेकडील मिय्यी या खेड्याची आणि तेथील आपल्या वडिलोपार्जित घराची. त्या आठवणीतून ‘मिय्यी अथवा जन्मभूमी’ ही दीर्घ कविता उतरली. तीत घराच्या भिंतीवर चढलेल्या आयव्हीच्या हिरव्या वेलीचा उल्लेख आहे. प्रत्यक्षात त्या भिंतीवर आयव्ही नव्हती. कविता आईच्या वाचनात आली तेव्हा ती अस्वस्थ झाली. आपल्या मुलाच्या तोंडून असत्य निघावे हे तिला सहन होईना. मात्र तिने मुलाला ती ओळ खोडायला सांगितली नाही. तिने भिंतीच्या पायथ्याशी आयव्हीचे रोप लावले. ते वाढले, भिंतीवर चढले आणि कविता खरी झाली.

ही हकीकत फ्रेंच वाङ्मयात पुष्कळदा सांगितली जाते. बहुधा ती मातृप्रेमाचा गोड दाखला म्हणूनच सांगितली जाते आणि तेथेच थांबते. मला मात्र वाटते की, लामार्तीनच्या घराविषयीच्या सगळ्या लेखनाकडे पाहण्याची एक खिडकी या गोष्टीत आहे. घराविषयी जो लिहितो तो एक प्रकारचे ऋण काढत असतो आणि ते कोणाला तरी फेडावे लागते. १८२७ साली ते फेडायला आई होती. तीस वर्षांनी त्याच घराविषयी लामार्तीनने पुन्हा लिहिले तेव्हा फेडणारे कोणी उरले नव्हते. या दोन कविता शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे, माझ्या मते, दुसरी कविता सरस का ठरते तेही कळते.

पहिल्या कवितेचे शीर्षकसुद्धा सावधपणे वाचावे लागते. लामार्तीनचा जन्म २१ ऑक्टोबर १७९० रोजी माकों या शहरात झाला. मिय्यी ही अक्षरशः त्याची जन्मभूमी नव्हे. राज्यक्रांतीच्या धामधुमीत वडिलांना तुरुंगवास घडला, आणि सुटकेनंतर पुढे हे कुटुंब मिय्यीला येऊन राहिले. पाच बहिणी, मितभाषी लष्करी वडील आणि मुलांना हाताशी धरून गरिबांच्या झोपड्यांतून औषध-पाणी नेणारी आई, असा तो संसार. शरीराचा जन्म माकोंचा असला तरी ‘मी’ या शब्दाचा जन्म मिय्यीचा, असे कवीला म्हणावयाचे असावे. आपल्या भाषेत या भावनेसाठी स्त्रीपाशी ‘माहेर’ हा एक अमोल शब्द आहे. पुरुषाला मात्र तसा शब्द नाही. लामार्तीनला आपल्या भाषेत तो सापडला नाही म्हणून त्याने ‘जन्मभूमी’ म्हटले. तेव्हा आयव्हीच्या आधीच एक लहानशी असत्यता कवितेत शिरलेली आहे, आणि ती कोणालाही टोचत नाही.

कवितेची रचना सरळ आहे. प्रथम जगातील वैभवाची स्थळे मोजायची, आणि मग या साऱ्यांपेक्षा एक उघडी, सावलीविना तापणारी टेकडी मला प्रिय का, हे सांगायचे. येथे लामार्तीनचा स्वभावदोष उघडा पडतो. त्याला थांबता येत नाही. डोंगर, गुराखी, बाक, विहीर, पायऱ्या अशी एकेक वस्तू बोटाने दाखवत तो पुढे जातो, आणि यादी लांबत जाते तसा वाचक कवीच्या मागे न जाता त्याच्याकडे पाहू लागतो. परंतु याच लांबणीत दोन जागा अशा आहेत की तेथे थांबलेच पाहिजे. एक, दुःखिताच्या उशाशी मुलांना घेऊन उभी असलेली आई. दुसरी, कवितेच्या उत्तरार्धातील प्रार्थना. हे घर क्षुद्र किमतीला विकले जाऊ नये, या हातातून त्या हातात जाऊ नये, परक्याने येथे पैसे मोजत बसू नये, अशी ती देवाजवळ केलेली याचना आहे. शेवटी कवी याच मातीत आपली कबर मागतो, आणि पुनरुत्थानाच्या पहाटे आपल्या माणसांतच जाग यावी अशी इच्छा धरतो.

ही कविता ‘आर्मोनी’ या संग्रहात १८३० साली प्रसिद्ध झाली. आई ते पुस्तक पाहू शकली नाही. १८२९ च्या नोव्हेंबरात, मुलाची फ्रेंच अकादमीवर निवड होऊन काही दिवसच लोटले असता, स्नानाच्या वेळी उकळत्या पाण्याने भाजून तिचा अंत झाला. आयव्ही लावणारे हात गेले; आयव्ही वाढत राहिली.

यानंतरचा लामार्तीन राजकारणाचा आहे, आणि तो येथे थोडक्यात आटोपता येईल. १८३२ साली पूर्वेकडील प्रवासात बैरूत येथे त्याची एकुलती एक मुलगी जुलिया दहा वर्षांची असताना वारली. १८४८ च्या फेब्रुवारी क्रांतीत तो हंगामी सरकारचा परराष्ट्रमंत्री आणि काही आठवडे साऱ्या फ्रान्सचा आवाज झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस अध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्याला नगण्य मते पडली. हाताचा सढळपणा, मोठेपणाचा खर्च आणि द्राक्षमळ्यांचा अंगावर आलेला व्यवहार यांतून कर्जाचा डोंगर उभा राहिला. मिय्यी विकण्याची वेळ आली. तेव्हा त्याने एक विलक्षण सौदा केला. आपल्या बालपणाच्या आठवणींचे हस्तलिखित त्याने वृत्तपत्राला विकले आणि ते घर वाचवले. १८४९ साली ‘ला प्रेस’मधून प्रसिद्ध झालेली ‘कोंफिदांस’ ती हीच. या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याने हा पेच स्वतःच सांगितला आहे.

या सौद्याबद्दल त्या काळी पुष्कळांनी नाके मुरडली. आईची प्रार्थना, पहिले प्रेम, घरातील कुजबूज हे सारे वृत्तपत्राच्या खालच्या रकान्यात विकायला मांडावे काय, असा आक्षेप होता आणि तो अगदीच निराधार नव्हता. ‘कोंफिदांस’मध्ये सजावट पुष्कळ आहे; कालक्रम मनाजोगा वळवला आहे, आणि गोडवा काही ठिकाणी पाकासारखा चिकट होतो. पण आक्षेप घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घेतली नाही. घर आणि घराची आठवण यांपैकी एकच ठेवता येईल अशी वेळ आल्यावर या माणसाने घर ठेवले. कवी, आणि तोही स्वप्नाळू म्हणून हिणवला गेलेला, याने दगडविटा निवडाव्यात हे मला अर्थपूर्ण वाटते.

आता दुसरी कविता. १८५६ पासून लामार्तीन कर्ज फेडण्यासाठी दर महिन्याला वर्गणीदारांकरिता साहित्यविषयक प्रवचनांची एक मालिका लिहीत होता. तिच्या पंधराव्या भागात, १८५७ साली, ‘द्राक्षवेल आणि घर’ ही कविता आली. वेठीला धरल्यासारख्या त्या लेखनात ही कविता अनपेक्षित आहे. द्राक्षतोडणीच्या दिवसांत वृद्ध कवी मिय्यीला येतो. बाहेर मळ्यात माणसांची लगबग आहे, घर मात्र रिकामे आहे. कविता संवादाच्या रूपात आहे, आणि बोलणारे दोघे म्हणजे ‘मी’ आणि ‘माझा आत्मा’. ‘मी’ समजूत घालतो: बघ, जुनी वेल अजून आहे, ऊन आहे, घर उभे आहे. आत्मा ऐकत नाही. त्याला दिसते करडी पडलेली भिंत, सुटत चाललेले दगड, पायाशी धरलेले शेवाळ, पन्हळीतून ओघळणारे काळे पाणी.

येथे यादी आहेच, पण तिची जात बदलली आहे. पहिल्या कवितेत वस्तू घराची थोरवी वाढवण्यासाठी येत होत्या. येथे त्या स्वतःसाठीसुद्धा काही मागत नाहीत. ओल, शेवाळ, काजळी यांचे वर्णन करून कोणी कवी आपल्या घराची शोभा वाढवत नसतो. त्यानंतर एक झळाळता भाग येतो. पहाटे खिडक्या उघडत आहेत, आई आणि मुली जाग्या होत आहेत, सारे घर श्वास घेऊ लागले आहे. मग लग्नाच्या घंटा एकेका मुलीला घेऊन जातात, मृत्यू उरलेल्यांना नेतो, दार रिकामपणावर बंद होते आणि अंगणात खाजकुइली माजते. एवढे मोठे आयुष्य इतक्या कमी शब्दांत आवरणे लामार्तीनला अन्यत्र क्वचितच जमले आहे.

त्याने कवितेला ‘आत्म्याचे स्तोत्रगान’ असे उपशीर्षक दिले आहे. आपल्या वाचकांना १२८ वे स्तोत्र परिचयाचे आहे. तेथे घर आणि द्राक्षवेल एकत्र येतात. गृहिणी हीच घरातील फलवती वेल, आणि मुले मेजाभोवतीची कोवळी रोपे. लामार्तीनने ती जोडी मुद्दाम उचलली असे ठामपणे म्हणता येणार नाही. पण बायबल आईच्या मांडीवर शिकलेल्या माणसाच्या कानात ती असणारच. त्याच्या कवितेत ती उलटी झाली आहे. वेल भिंतीबाहेर उभी आहे, आणि जिच्यामुळे वेलीला अर्थ होता ती घरात नाही. मेज रिकामे आहे.

अखेरीस कवी ईश्वराकडे वळतो. घरटी आणि पाळणे निर्माण करणाऱ्याने त्यांतील माणसे पुन्हा कोठेतरी एकत्र आणावीत, अशी ती आळवणी आहे. काही समीक्षकांना हा शेवट ठिगळासारखा वाटतो. मला तसा वाटत नाही. १८२७ च्या प्रार्थनेत कवीला देवाकडून एक ठराविक गोष्ट हवी होती, आणि ती म्हणजे हे घर, याच कुटुंबाकडे, याच दगडांसह. १८५७ च्या प्रार्थनेत घराचे नावही मागण्यात नाही. ज्या मुलीच्या हाती घर सोपवायचे तीच गेली होती. मागायचे ते काय? ही विरक्ती आहे की नुसता थकवा, हे कविता सांगत नाही. भाविक वाचकाने तिला घाईघाईने विरक्ती म्हणू नये.

पहिली प्रार्थना ऐकली गेली नाही, हे तर सरळच आहे. १८६० साली मिय्यीचे घर विकले गेले. कबरही तेथे लाभली नाही; १८६९ च्या फेब्रुवारीत पॅरिसला देहावसान झाल्यावर लामार्तीनला सॅं-प्वॅं येथे पुरण्यात आले. त्याच्या आईचे अवशेष त्यापूर्वीच तेथे आणलेले होते. आपल्या माणसांत जागे व्हावे, ही जुन्या कवितेतील इच्छा तेवढी, जागा बदलून, राहिली. गावाने मात्र कवीचे नाव स्वतःच्या नावाला जोडून घेतले.

शेवटच्या वर्षांत लामार्तीन आईच्या रोजनिशीच्या वह्या घेऊन बसत असे. संसाराच्या काळजीत, मुलांची आजारपणे सांभाळत, रात्री चार ओळी लिहून ठेवलेल्या त्या वह्या होत्या. ‘माझ्या आईचे हस्तलिखित’ या नावाने त्यांचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १८७१ साली, निघाले. त्यात आईचा मजकूर निवडून घेतला आहे आणि मधून मधून मुलाचे निवेदन आहे. काही पाने अशी आहेत की आई कोठे थांबली आणि मुलगा कोठे सुरू झाला, हे पटकन ओळखू येत नाही.