मडक्यावरची होडी

नेवाशाचं लाडमोड टेकाड आपल्या शेवगावकरांना काही लांब नाही. तिथं ह. धी. सांकलिया यांनी १९५४ पासून उत्खनन केलं, तेव्हा घरांच्या जमिनीखाली पुरलेली लहान मुलं सापडली. दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून, आत मूल. संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून या संस्कृतीचं नाव पडलं. तिची भांडी म्हणजे लाल अंगावर काळ्या रेघा, चौकटी, त्रिकोण. माणसं-जनावरं क्वचितच. म्हणून एखादं चित्र हाती लागलं की आपण सगळे त्यावर तुटून पडतो.

असंच एक चित्र शिरूर तालुक्यातल्या इनामगावचं. घोड नदीकाठच्या या गावात कच्च्या मातीचा चार पायांचा रांजण सापडला. आत चाळिशीचा पुरुष बसवलेला, आणि सोबत एक मडकं, त्यावर लांब वल्ह्यांची होडी. झालं! ही मृताला पैलतीरी नेणारी नाव, म्हणजे आपली वैतरणी, असा अर्थ लागला.

इथं आम्हाला अडखळायला होतं. वैतरणी आपण ऐकली ती गरुडपुराणातून. ती इतक्या मागे, लिपीही नसलेल्या माणसांच्या माथी मारायची कशी?

इटलीतल्या एट्रुस्कन लोकांचं बघा. ग्रीकांचा खारॉन हा मृतांना नदीपार नेणारा नावाडी. एट्रुस्कनांनी त्याचं नाव उचललं, चारुन केलं. पण व्हुल्चीच्या इ.स.पू. चौथ्या शतकातल्या एका भांड्यावर अल्केस्टिस नवऱ्याला मिठी मारते आहे, त्यांची नावंही लिहिलेली आहेत, आणि बाजूला उभ्या चारुनच्या हाती वल्हं नाही, हातोडा आहे. शेजाऱ्याची कथा ठाऊक असूनही चित्र चुकीचं वाचलं गेलं असतं. आपल्याकडे तर शेजारीही नाही, मागाहून आलेली कथा आहे.

मग त्या रांजणात धर्म नाहीच का? आहे, पण तो आम्हाला होडीत नाही, पायांत दिसतो. इनामगावच्या इतर प्रौढांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडले जात. याचे तोडले नाहीत. त्याला वेगळं वागवलं, हे हाडं सांगतात. होडी मात्र नदीकाठच्या माणसानं रोज पाहिलेलीही असू शकते.

आणि आपल्याच अंत्ययात्रेतलं मडकं आठवा. खांद्यावर घेऊन फिरतात, भोकं पाडतात, फोडतात. त्यावर एक रेघही नसते. उद्या कुणी त्याच्या खापऱ्या उकरल्या, तर पाण्याचं मडकं म्हणून नोंद करील. दुसऱ्या एखाद्या पुरलेल्या माणसाशेजारी अशीच होडी निघाली, तर आम्ही आमचं मत बदलू.