दीपोत्सवाची छायाचित्रे

बालाघाट जिल्ह्यात रामपायली येथे चंदन नदीच्या काठी श्रीरामाचे मंदिर आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेतील त्याची जी रात्रीची छायाचित्रे पाहावयास मिळतात ती सुबक खरी. परंतु त्यांत यात्राच नसते. त्याच तिथीच्या साखळीतील विठ्ठलापूरच्या चित्रांतही वाळवंटीवर सोडलेले दिवे नुसत्या रेघा होऊन राहतात.

कारण उघड आहे. कॅमेरा तिपाईवर ठेवून झडप वीस-वीस सेकंद उघडी ठेवली की स्थिर दगड रेखीव उमटतो, लाटा पुसून नदीची काच होते आणि चालती माणसे उमटतच नाहीत. साक्षीदार वगळून केवळ वास्तूचा पंचनामा पुढे करावा, तसा हा प्रकार. (आम्हा वकिलांना तो अपरिचित नाही!)

पौर्णिमेस चंद्र सूर्यास्ताच्या सुमारासच उगवतो. त्या संधिप्रकाशात आभाळ आणि दिवे यांच्या उजेडात फारशी तफावत नसते. तेव्हाच भिंगाचे छिद्र पुरते उघडून, संवेदनशीलता वाढवून, झडप सेकंदाच्या तिसाव्या भागात मिटावी. चित्र रवाळ येईल, एखादा चेहरा हललेला दिसेल. पण दिवा सोडणारा हात त्यात असेल.