रेमो फर्नांडिस : आवाजाआड राहिलेला लेखक

मंडळी, रेमो म्हटलं की इथं बसलेल्या बहुतेकांना ‘हम्मा हम्मा’च आठवणार. १९९५च्या ‘बॉम्बे’मधलं. पण गंमत बघा, त्याचे हिंदी शब्द मेहबूब यांचे, चाल रहमानची. रेमोचा फक्त आवाज. म्हणजे ज्या गाण्यानं तो घराघरांत पोचला, त्यात त्याच्यातला लेखक औषधालासुद्धा नाही. आज त्या लेखकाबद्दल बोलू.

जन्म १९५३चा, पणजीतला. घर शिवोलीचं. शिक्षण मुंबईच्या जे. जे.मध्ये वास्तुकलेचं. १९८४ साली त्यानं ‘गोअन क्रेझी’ काढला. शब्द त्याचे, चाली त्याच्या, वाद्यंही त्यानंच वाजवली, रेकॉर्डिंग घरी केलं आणि कॅसेटी स्कूटरवरून दुकानोदुकानी पोचवल्या. मला इथं आपले साठच्या दशकातले लघुनियतकालिकवाले आठवतात. प्रकाशकाची वाट बघायची नाही, आपलं आपण छापायचं. त्यात स्वातंत्र्य असतं. पण संपादकाची कात्री नसते, हा तोटाही असतो. रेमोच्या लेखनात दोन्ही दिसतं.

तोटा आधी सांगतो. १९८६चा ‘पॅक दॅट स्मॅक’ घ्या. अमली पदार्थांविरुद्धचं हे गाणं कळकळीचं आहे, पण ते सगळ्यांना एकदम उपदेश करतं. चाल काढून घेतली की भिंतीवरचं पोस्टर उरतं.

याउलट ‘हॅलो राजीव गांधी’. हे थेट पंतप्रधानांना लिहिलेलं पत्र आहे, आणि गोव्यात ते त्यांच्यासमोरच गायलं गेलं. समोर नाव असलेला माणूस आला की रेमोची भाषा बदलते. आर्जव येतं, मिश्कीलपणा येतो, मधूनच चिमटा येतो. पिराजीराव सरनाईकांच्या कोल्हापुरात हे वेगळं समजावून सांगायला नको. शाहिराचं बळ समोरच्याला थेट बोलण्यातच असतं.

काही जण म्हणतात, इंग्रजीत लिहिणारा कसला गोंयकार? मला हा आक्षेप पटत नाही. याच माणसानं १९८५मध्ये ‘ओल्ड गोअन गोल्ड’मध्ये जुनी कोंकणी आणि पोर्तुगीज गाणी गायली. तिन्ही भाषा त्याच्या अंगणातल्याच. हिंदी सिनेमानं गोव्याचा माणूस म्हणजे गिटार आणि बाटली असं ठरवून टाकलं होतं, आणि आपणही ते मुकाट्यानं मान्य केलं. रेमोनं त्या माणसाला मत दिलं, राग दिला, नागरिकपण दिलं.

२०२१मध्ये त्याचं आत्मचरित्र आलं. तिथं आधाराला चाल नाही. गोवा मुक्त झाला तेव्हा तो आठ वर्षांचा होता. पोर्तुगीज राजवटीतलं ते बालपण तीन मिनिटांच्या गाण्यात मावणारं नव्हतंच. गाण्यातला रेमो आजच्या माणसाशी बोलतो, पुस्तकातला गेलेल्या काळाशी. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय लेखक पुरता हाती लागत नाही.

डिलनला २०१६मध्ये नोबेल मिळालं, तेव्हा गाणं साहित्य आहे का यावर जगभर वाद झाला. माझं मत साधं आहे. रेमोची सगळी गाणी कागदावर टिकत नाहीत. पण त्याच्या पत्रगाण्यापाशी थांबून एक प्रश्न स्वतःला विचारा : आज सत्तेवरच्या माणसाचं नाव घेऊन, त्याच्या तोंडावर, असं गाणं कोण लिहील?