अर्ध्याचे बारा

प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३० कोटी मीटर. विज्ञानाच्या पुस्तकात तो आटोपशीर लिहितात : ३ गुणिले १० चा ८ वा घात. म्हणजे दहाच्या डोक्यावर, उजव्या अंगाला, एक छोटासा आठ. आता असं एखादं पान मोबाइलवर उघडा, ती ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मित्राला पाठवा. बहुतेक वेळा पोचतं ते असं : ३ × १०८. आठ खाली उतरला. गुणाकार केला तर उत्तर येतं ३२४. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे या मेसेजमधला प्रकाश आवाजाच्याही मागे पडला. आधी गडगडाट, मग वीज.

हे हसून सोडून देता येतं, कारण प्रकाशाचा वेग आपल्याला शाळेपासून पाठ असतो. पाठ नसलेल्या सूत्राचं काय? बांधकामावर सळईचं वजन काढायचा एक ठोकताळा आहे. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, १६२ ने भागायचं. एक मीटर सळईचं वजन किलोत मिळतं. १२ मिलिमीटरची सळई असेल तर १४४ भागिले १६२, म्हणजे ०.८९ किलोच्या आसपास. वर्गाचा दोन खाली घसरला आणि वाचणाऱ्याने ‘व्यास गुणिले २’ असं वाचलं, तर उत्तर येतं ०.१५ किलो. सहापट फरक. कुपवाडच्या एमआयडीसीत नव्याने कामाला लागलेला पोरगा हे सूत्र वहीत शोधणार नाही, मोबाइलवर शोधेल. आणि तो मराठीत शोधत असेल, तर त्याच्यासमोर येणारं पान कुणीतरी नीट तपासलेलं असायला हवं.

माझा मुद्दा एवढाच आहे. जालावर सूत्र बिघडलेलं दिसलं की आपण त्याला ‘टेक्निकल प्रॉब्लेम’ म्हणतो आणि वेबसाइट बनवणाऱ्याकडे बोट दाखवतो. खरं तर तो संपादनाचा प्रश्न आहे. सूत्र हे वाक्य आहे. त्याला कर्ता आहे, क्रम आहे, विरामचिन्हं आहेत. ऱ्हस्व-दीर्घावरून वाद घालणारे आपण, घात घसरलेलं वाक्य मात्र बिनदिक्कत छापतो.

तांत्रिक बाजू नाही असं नाही. तिचा इतिहास तर गमतीशीर आहे. वेबचा जन्म १९८९ साली सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाला. जिथे दिवसभर समीकरणं लिहिली जात, तिथे जन्मलेल्या वेबला समीकरण लिहिता येत नव्हतं. १९९५ च्या एचटीएमएल ३.० च्या मसुद्यात गणिताची सोय होती, पण तो मसुदा बारगळला. १९९८ मध्ये मॅथएमएल नावाची वेगळी खूणपद्धती मान्य झाली. अपूर्णांक कुठला, घात कुठला, मूळ कुठलं, हे त्यात खुणांनी सांगायचं आणि ब्राउझरने ते मांडायचं. फायरफॉक्सच्या घराण्याने ती लवकर आपलीशी केली. सफारीत ती २०११ च्या सुमारास आली. क्रोमने २०१३ च्या सुरुवातीला एका आवृत्तीत ती घेतली आणि सुरक्षिततेचं कारण देऊन पुढच्याच आवृत्तीत काढून टाकली. मग तब्बल दहा वर्षं क्रोममध्ये ती नव्हती. स्पेनमधल्या इगालिया या संस्थेच्या कामामुळे जानेवारी २०२३ मध्ये, १०९ व्या आवृत्तीत, ती परत आली.

ही दहा वर्षं म्हणजे आपल्याकडे स्मार्टफोन घरोघरी पोचला ती वर्षं. अपडेट बंद झालेले जुने फोन अजून वापरात आहेत. अशा फोनवर मॅथएमएलमध्ये लिहिलेला ‘एक छेद दोन’ कसा दिसतो? मधली रेघ गायब होते, अंश आणि छेद शेजारी-शेजारी बसतात : १२. अर्ध्याचे अक्षरशः बारा वाजतात. वाईट म्हणजे स्क्रीनवर कुठेही चूक असल्याची खूण नसते. कोरा चौकोन दिसला तर वाचक थांबतो. १२ दिसले तर तो पुढे जातो.

या अडचणीवर दोन उपाय रूढ झाले. पहिला, मॅथजॅक्स किंवा केटेक यांसारखी साधनं. ती पानाबरोबर येतात आणि ब्राउझरच्या भरवशावर न राहता सूत्र स्वतः रचतात. हा उपाय चांगला आहे, पण नेट रेंगाळलं आणि साधन उतरलंच नाही, तर वाचकाला डॉलरची चिन्हं आणि उलट्या तिरक्या रेघांचा ढीग दिसतो. दुसरा उपाय आपल्याकडचा लाडका : सूत्राचा फोटो टाकायचा.

या फोटोला आपल्याकडे एक पूर्वज आहे, शिळाछाप. १८३१ साली गणपत कृष्णाजींनी मुंबईत मराठी पंचांग शिळाछापावर छापलं. हाताने जे लिहाल ते दगडावरून जसंच्या तसं कागदावर उतरतं, खिळे जुळवायची कटकट नाही. त्या काळासाठी ती मोठी सोय होती. मात्र शिळाछापाला मजकूर कळत नाही, फक्त आकार कळतो. सूत्राच्या फोटोचं तसंच आहे. शोधलं तर सापडत नाही. मोठा केला तर धुरकट होतो. पार्श्वभूमी पारदर्शक आणि अक्षरं काळी असतील, तर डार्क मोडमध्ये सूत्रच नाहीसं होतं. काळ्या पाटीवर काळा खडू. आणि स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असलेल्या दृष्टिहीन विद्यार्थ्याला, सोबत वर्णन लिहिलं नसेल, तर ‘इमेज’ एवढाच शब्द ऐकू येतो.

इथपर्यंतच्या अडचणी जगातल्या सगळ्या भाषांच्या आहेत. मराठीची खास अडचण पुढे आहे. ही साधनं ज्या टेक पद्धतीचं लेखन वापरतात, ती डोनाल्ड नुथ यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस घडवली. तिच्या शिस्तीत सूत्रातलं प्रत्येक अक्षर म्हणजे एक सुटी राशी. रोमन लिपीत हे शोभतं. मराठीत अज्ञात राशीचं जुनं नाव आहे ‘क्ष’, आणि संगणकाच्या दृष्टीने क्ष म्हणजे तीन चिन्हं : क, हलन्ताची खूण आणि ष. यंत्राने शिस्त पाळली, तर क्षचे तीन तुकडे होऊ शकतात, जणू तीन राशींचा गुणाकार.

अज्ञात राशीला एकच अक्षर द्यायचं, हा नियम गणिताने घालून दिलेला नाही. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या बीजगणितात अज्ञात राशींना यावत्-तावत् वरून ‘या’, कालक वरून ‘का’, नीलक वरून ‘नी’ अशी नावं आहेत. मात्रेसकट अक्षर घेऊन त्यांचं काम अडलं नाही. युनिकोडमध्येही असाच विरोधाभास आहे. चढवलेले आंतरराष्ट्रीय अंक तिथे स्वतंत्र चिन्हं म्हणून मिळतात, म्हणून ते कॉपी केले तरी टिकतात. देवनागरी अंकांना ती सोय नाही. अक्षराच्या माथ्यावर बसणारे देवनागरी अंक २००९ मध्ये युनिकोडमध्ये आले खरे, पण ते सामगायनाच्या खुणांसाठी. सामवेदाची गरज कुणीतरी मांडली, म्हणून ती पुरी झाली. बीजगणिताची कुणी मांडली नाही.

यावर सरळ आक्षेप येतो : मग एक्स-वाय आणि आंतरराष्ट्रीय अंक वापरा की! वरच्या वर्गांत तेच शिकवतात. आक्षेप रास्त आहे. क्षच्या अभिमानापायी वाचकाला अडवण्यात अर्थ नाही. पण एक्स-वाय घेतले तरी सूत्रातली मराठी संपत नाही. ‘जर’, ‘अन्यथा’, ‘चौ. सेमी’, ‘एकूण खर्च’ हे शब्द सूत्राच्या आतच येतात. ते नीट बसत नाहीत म्हणून लेखक आधी सूत्र इंग्रजीत टाकतो, मग स्पष्टीकरण, मग अख्खा लेखच. इथून जवळच, वाईत, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि पुढे २० खंड झाले. अशा कामांतून मराठीत विज्ञान-गणिताची परिभाषा रुळली. शब्दांवर एवढे कष्ट घेणाऱ्या भाषेने मांडणी मात्र नशिबावर सोडावी, हे पटत नाही.

करायचं काय, हे फार अवघड नाही. सूत्रातला मराठी शब्द किंवा क्ष टेकच्या ‘टेक्स्ट’ या आज्ञेत घाला. तो अखंड राहतो. फोटो टाकायचाच असेल तर पांढरी पार्श्वभूमी ठेवा आणि सूत्र शब्दांत लिहून सोबत द्या. महत्त्वाचा घात ओळीतही सांगा : ‘व्यासाचा वर्ग’. हे दोन शब्द कुठल्याही ब्राउझरमध्ये मोडत नाहीत. मग पान तपासा : एका जुन्या अँड्रॉइडवर, एका आयफोनवर (आपल्याकडे आयफोनवरच्या क्रोमच्या पोटातही सफारीचंच इंजिन असतं, त्यामुळे तिथे दोन ब्राउझर तपासले म्हणजे दोनदा तपासलं असं नव्हे), इन्स्टाग्रामच्या आत उघडणाऱ्या ब्राउझरमध्ये आणि डार्क मोडमध्ये. शेवटी ओळ कॉपी करून स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करा.

आणि वाचक म्हणून? डॉलरची चिन्हं दिसली तर पान पुन्हा लोड करा. उत्तर विचित्र वाटलं तर तीच लिंक दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडा. तरीही सूत्र मोडकंच दिसलं, तर संपादकाला कळवा. शुद्धलेखनाची चूक कळवता तसंच. ‘अर्धा’च्या जागी ‘आर्धा’ छापलं तर आपण लगेच टोकतो. अर्ध्याच्या जागी बारा छापले तर जास्त जोरात टोकायला हवं.