पाण्याची संहिता : 'सिमसिटी' मालिकेतील पाच खेळ

संगणकीय खेळाला 'संहिता' म्हणावे काय, हा वाद आता जुना झाला. खेळणारा खेळताखेळता कृती घडवितो, म्हणून रोलाँ बार्थने १९७० मध्ये 'एस/झेड'मध्ये मांडलेल्या 'लेखनीय' संहितेचे उदाहरण म्हणून अशा खेळांकडे बोट दाखविले जाते. ही समजूत तपासून घ्यावी लागते. नगर उभारण्याचे स्वातंत्र्य खेळणाऱ्याला असते. नगर कशाने वाढते आणि कशाने मोडते, याचे नियम मात्र आधीच लिहिलेले असतात. विल राइट यांनी 'सिमसिटी'च्या घडणीत जे फॉरेस्टर यांच्या 'अर्बन डायनॅमिक्स' (१९६९) या ग्रंथाचे ऋण मान्य केले आहे. म्हणजे खेळाच्या तळाशी नगरविषयक एक सिद्धान्त आहे. मालिकेतील खेळांची तुलना करताना चित्रांची सफाई मोजण्यापेक्षा हा सिद्धान्त कसा बदलत गेला, ते पाहणे अधिक फलदायी ठरेल. प्रस्तुत लेखात त्यासाठी पाणी हा एकच घटक घेतला आहे.

ही निवड स्थलनिरपेक्ष नाही. सातपुड्याच्या पायथ्याचे शेंदूरजनाघाट हे संत्र्याचे आणि संत्र्याच्या कलमांचे गाव. ज्या वरुड तालुक्यात ते येते, त्याची गणना भूजलाचा अतिउपसा झालेल्या तालुक्यांत झालेली आहे. विहिरी आटल्या, तशा विंधणविहिरी खोल गेल्या. येथील वाचकाला जमिनीखालचे पाणी ही पार्श्वभूमी वाटत नाही. ते कथानकच वाटते.

१९८९ च्या पहिल्या खेळात नगराला वीज लागते, पाणी लागत नाही. नदी आहे, पण ती पूल बांधून ओलांडण्यापुरती. १९९३ च्या 'सिमसिटी २०००'मध्ये प्रथमच भूपृष्ठ बाजूला सारून खाली पाहता येते. तेथे नळांचे जाळे अंथरावे लागते. मात्र कितीही उपसा केला तरी तळ खालावत नाही. पाणी हा येथे साठ्याचा प्रश्न नसून जोडणीचा प्रश्न आहे. १९९९ च्या 'सिमसिटी ३०००'मध्ये शेजारच्या नगरांशी पाण्याचे करार करता येतात. पाणी क्रयवस्तू होते. २००३ च्या 'सिमसिटी ४'मध्ये शेतीचा स्वतंत्र विभाग येतो. ही शेती नळजोडणीवाचून उगवते, पाणी दूषित करते, आणि नगरातील शिक्षण वाढत जाते तशी तिची मागणी ओसरते. शेती ही नगराची बाल्यावस्था होय, असे हे गृहीतक आहे. ते कोठेही उच्चारले जात नाही, म्हणूनच प्रभावी ठरते.

२०१३ च्या 'सिमसिटी'त मोठा बदल होतो. येथे भूजल संपते. त्याचा नकाशा पाहता येतो, उपशाने तो फिका पडतो, पावसाने काहीसा भरतो. मालिकेला मर्यादेचे भान आले, असे म्हणावेसे वाटते. पण याच खेळातून शेतीचा विभाग नाहीसा झालेला आहे. शेती होती तेव्हा पाणी अक्षय होते. पाणी संपू लागले तेव्हा शेती उरली नाही. या दोहोंची गाठ मालिकेने कोठेच पडू दिली नाही. वरुड तालुक्याचे सारे नाट्य नेमके त्या गाठीत आहे.

आणखी एक भेद सूक्ष्म आहे. खेळात पाण्याचा अभाव म्हणजे केवळ अपयश. संत्राबागेत मात्र बहार धरण्यासाठी झाडाला मुद्दाम 'ताण' दिला जातो. आंबियासाठी हिवाळ्यात, मृगासाठी उन्हाळ्यात पाणी तोडले जाते. न देणे हीही येथे एक कृती आहे, आणि ती कधी थांबवावी हे जाणणे हे कसब. अधिक म्हणजे उत्तम, या एकाच दिशेने चालणाऱ्या प्रारूपात अशा कृतीला व्याकरणच नाही.

नगराच्या खेळाकडून बागेची अपेक्षा करणे अन्यायाचे नाही काय, असा आक्षेप येईल. शेंदूरजनाघाटला नगर परिषद आहे. कायद्याने ते नगरच आहे, आणि त्या नगराचा बाजार, मजुरी व कर्ज बागेच्या पाण्यावर उभे आहे. नगर आणि शेती यांच्यामधली जी रेषा मालिका निसर्गसिद्ध मानते, ती येथे आढळत नाही. प्रश्न दृष्टिकोनाचाही आहे. उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) मध्ये वऱ्हाडातील दारिद्र्य कौतिकच्या घरातून, तिच्या बोलीतून दिसते. टंचाईला तेथे चेहरा असतो. 'सिमसिटी'चा महापौर आकाशातून पाहतो, आणि टंचाई त्याला नकाशावरचा रंग म्हणून कळते.

यावरून हे खेळ टाकाऊ ठरत नाहीत. उलट, नियोजनकार ज्या नजरेने गावाकडे पाहतो ती नजर ते आपल्याला स्वतः वापरून पाहू देतात. कादंबरीला हे सहसा साधत नाही. मात्र त्या नजरेतून काय सुटते, हे खेळ सांगणार नाही. ते सांगणे समीक्षेचे काम आहे, आणि त्यासाठी विहिरीच्या काठावर उभे राहूनच ही संहिता वाचावी लागेल.